सांधण, लोणार, निघोज: पाच दिवसांची गाडीसहल आणि तिचा खरा खर्च

चौघं जण, स्वतःची गाडी, पाच दिवस, चार रात्री, साधारण साडेबाराशे किलोमीटर. मुंबईहून भंडारदरा, सांधण दरी, समृद्धी महामार्गाने लोणार, तिथून छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, निघोज आणि माळशेज घाटातून परत. एकूण खर्च पन्नास ते पंचावन्न हजार, म्हणजे माणशी साधारण तेरा हजार. यात पेट्रोल जेमतेम सहावा हिस्सा आहे. बहुतेक जण मात्र पेट्रोलचाच हिशेब करून निघतात. बाकीचे पैसे शनिवारच्या खोलीभाड्यात, भाड्याच्या गाडीच्या न धावलेल्या किलोमीटरांत आणि ‘साहेब, एवढं वेगळं द्यावं लागेल’मध्ये जातात. ते कुठे वाचतात, तेवढंच इथे सांगतो.

कधी निघायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दुसरा महिना शोधू नका. पावसाळ्यात सांधण दरीत उतरणं जिवावर बेततं, निघोजचे रांजणखळगे पाण्याखाली असतात आणि माळशेजमध्ये दरडी कोसळतात. एप्रिल-मे महिन्यांत लोणारचं ऊन सोसवत नाही. विवराच्या तळाशी वाराही लागत नाही. मेअखेर ते जून भंडारदऱ्याला काजव्यांसाठी झुंबड उडते. काजवे बघायचे असतील तर ती सहल वेगळी आखा. एरवी त्या आठवड्यांत खोल्यांचे भाव चढलेले असतात आणि रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात.

कास पठार याच सहलीत बसवायचा मोह होईल. बसत नाही. कास फुलतं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, तेव्हा सांधण बंद. डिसेंबरात कासला गेलात तर वाळलेलं गवत बघून याल. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

आता वार. शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी पहाटे निघायची सवय मोडा. रविवारी सकाळी निघा. रविवार आणि सोमवारची रात्र भंडारदऱ्याला, मंगळवारची लोणारला, बुधवारची संभाजीनगरला, गुरुवारी घरी. रजा चारच दिवस लागते. भंडारदऱ्याला खोलीचा शनिवारचा भाव रविवारच्या रात्री उतरतो आणि सोमवारी दरीत गर्दी नसते. रविवारी संध्याकाळी मुंबईकडे परतणाऱ्या गाड्यांची कोंडी असते, तुम्ही तेव्हा उलट बाजूला पोचलेले असता. नाताळ ते नववर्षाचा आठवडा मात्र कोणत्याही वारी टाळा.

गाडी: स्वतःची, भाड्याची की चालकासकट

स्वतःची गाडी असेल तर साडेबाराशे किलोमीटरला पंधराच्या सरासरीने त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०५ रुपये धरा, पावणेनऊ हजार. सीएनजीची गाडी असली तरी पेट्रोलची टाकी भरलेली ठेवा, भंडारदरा आणि लोणार या दोन्ही टोकांना सीएनजीवर विसंबू नका. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना समृद्धीवर टोलमाफी आहे, ऑगस्ट २०२५ पासून. पण भंडारदऱ्याहून निघताना आणि लोणारला पोचताना चार्जिंग कुठे करणार, हे घरूनच ठरवून निघा.

चालकासकट गाडी घेणार असाल तर सगळ्यात मोठा छुपा खर्च इथेच आहे. बाहेरगावच्या भाड्याला दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात. पाच दिवसांचे झाले १,५००. तुमची गाडी धावणार १,२५०. सांधणच्या दिवशी तर ती जेमतेम पन्नास किलोमीटर हलते, आणि बिल ३०० चं. किलोमीटरला १६ रुपये दर असेल तर न धावलेल्या अडीचशे किलोमीटरांचे चार हजार तुम्ही देता. वर चालकाचा भत्ता, रोजचे तीनशे ते पाचशे. भाडं आणि भत्ता मिळून सव्वीस हजारांच्या आसपास, टोल आणि पार्किंग निराळं. ठरवतानाच विचारा: किलोमीटर तुमच्या दारापासून मोजणार की त्यांच्या गॅरेजपासून? रात्रीचा जादा आकार किती वाजल्यापासून? चालकाच्या राहण्या-जेवणाचं काय? उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तोंडी बोलणं बिलाच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

दोन गोष्टी बिलात दिसल्या तर सरळ खोडा. एक, राज्य कर किंवा परमिट: ही सहल महाराष्ट्राबाहेर जातच नाही. दोन, मुंबईच्या वेशीवरचे टोल: मुलुंड, ऐरोली, वाशी, दहिसर आणि आनंदनगर हे पाचही नाके हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहेत.

स्वतः चालवायला गाडी भाड्याने घेत असाल तर नंबरपाटी पाहा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं हवीत. पांढऱ्या पाटीची, कुणाच्या तरी ओळखीतली ‘स्वस्तात’ मिळणारी गाडी घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि तो खर्च तुमच्या अंगावर पडतो. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा, टायरचा, काचांचा आणि किलोमीटरच्या आकड्याचा व्हिडिओ काढा. अनामत रकमेतून ओरखड्याचे पैसे कापणं हा काही ठिकाणी धंद्याचाच भाग असतो. रोजची किलोमीटरची मर्यादा आणि त्यापुढचा दरही विचारून घ्या. या सहलीत मर्यादा ओलांडली जाणारच.

कागदपत्रं

वाहन परवाना, आरसी, विमा, पीयूसी. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमध्ये असतील तर मूळ प्रत जवळ नको. पण फोनच्या गॅलरीतला फोटो चालत नाही. सांधण दरी जिथून सुरू होते त्या साम्रद गावात नेटवर्क दगा देतं, म्हणून छापील प्रती डॅशबोर्डच्या खणात असू द्या. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवलेली हवी. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. घरपोच बसवण्याचे पैसे वेगळे. प्रत्येक माणसाचं ओळखपत्र घ्या, मुलांचंसुद्धा. हॉटेलला लागतं, वनखात्याच्या नाक्यावर मागू शकतात.

टोल

फास्टॅग आदल्या दिवशी भरा. नाक्यावर उभं राहून भरलेले पैसे लगेच दिसतीलच असं नाही. राष्ट्रीय महामार्गावर टॅग बाद असेल तर १५ नोव्हेंबर २०२५ पासूनचा नियम असा: रोख दिले तर दुप्पट, यूपीआयने दिले तर सव्वापट. म्हणजे फसलात तरी रोख काढू नका.

आता ज्यात सगळ्यात जास्त लोक गोंधळतात ती गोष्ट. फास्टॅगचा वार्षिक पास, जो १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांसाठी सुरू झाला, तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. समृद्धीवर चालत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही चालत नाही. पास आहे म्हणून खात्यात शिल्लक ठेवली नाही तर समृद्धीतून बाहेर पडताना अडकाल. केवळ या सहलीसाठी पास काढायचा विचार असेल तर नका काढू, वसूल होणार नाही.

समृद्धीवर टोल आत शिरताना नाही, बाहेर पडताना कापला जातो, जेवढे किलोमीटर चाललात तेवढा. मोटारीला १ एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला २ रुपये ६ पैसे. घोटीजवळ भरवीरला आत शिरून मेहकरला बाहेर पडलात तर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, साडेसहाशेच्या जवळपास टोल. बाहेर पडायचा फाटा चुकला तर मागे वळता येत नाही. पुढचा फाटा कितीतरी किलोमीटरांवर असतो, तेवढा टोलही वाढतो आणि पेट्रोलही. मेहकर जवळ आलं की गाणी बंद करून पाट्या वाचा.

मुंबईहून इगतपुरीपर्यंत दोन रस्ते आहेत. आमणेपासून समृद्धी घेतलीत तर ७६ किलोमीटर, दीडशेच्या थोडा वर टोल, जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आणि कसारा घाटाची कटकट नाही. हा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. जुना नाशिक महामार्ग घेतलात तर घाट दिसतो, पण ट्रकमागे खोळंबाही होतो. रविवारी सकाळी निघालात तर जाताना जुना रस्ता घ्या. निसर्ग बघायला निघून पहिल्याच तासाला बोगद्यात शिरण्यात काय मजा!

समृद्धीवर दुचाकी आणि तीनचाकीला बंदी आहे. मोटारीला वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. कॅमेरे आहेत, ई-चलान घरी येतं. चलानापेक्षा टायर महत्त्वाचे. सिमेंटच्या सरळ रस्त्यावर तीनशे किलोमीटर एका वेगाने धावताना जुने, घासलेले किंवा कमी-जास्त हवेचे टायर फुटतात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. पाच-सहा वर्षांपूर्वीचे असतील तर निघण्याआधी बदला. हा खर्च सहलीच्या हिशेबात धरू नका, तसाही तो करायचाच होता. दर तासा-दीडतासाने थांबा, चालक बदला. थांबायचं ते पंपावर किंवा ठरवून दिलेल्या जागी. कडेला गाडी लावून फोटो काढायचा रस्ता हा नव्हे. भरवीरला शिरण्याआधी घोटीत टाकी भरा, जेवणही तिथेच उरकून घ्या.

भंडारदरा आणि सांधण दरी

मुक्काम शेंडी गावात करा, धरणाला लागून. एमटीडीसीचं निवासस्थान आहे, खासगी हॉटेलं आणि घरगुती निवासही आहेत. आठवड्याच्या मधल्या दिवशी दोघांची बरी खोली दोन ते साडेतीन हजारांत मिळते. ‘लेक व्ह्यू’ म्हणून पाचशे-हजार जास्त मागितले तर आधी खोलीच्या खिडकीत उभे राहून बघा. रंधा धबधबा आणि अंब्रेला फॉल यांच्या नावाने कुणी हिवाळ्यात ‘साइटसीइंग पॅकेज’ विकायला आलं तर घेऊ नका, धबधबे पावसाळ्याचे.

दरी साम्रद गावातून सुरू होते. शेंडीपासून जलाशयाला वळसा घालून साधारण तासाभराचा रस्ता. वाट अरुंद आहे, अंधारात चालवू नका. भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याचं शुल्क माणसांचं वेगळं, गाडीचं वेगळं, कॅमेऱ्याचं वेगळं. चौघांना आणि गाडीला मिळून पाचशे रुपये बाजूला काढा, आणि पावती मागाच. पावतीशिवाय ‘गावची फी’ म्हणून कुणी मागितलं तर कशाची, ते विचारा. बऱ्याचदा ते पार्किंगचे पैसे असतात आणि वाजवी असतात.

सांधण दोन प्रकारे करता येते. हा फरक कळला नाही तर पैसेही जातात आणि दिवसही.

पहिला प्रकार: दरीत उतरायचं, जमेल तिथवर जायचं, त्याच वाटेने परत यायचं. अर्धा दिवस. दोन्ही बाजूंना काळ्या दगडाच्या उंच भिंती, मधे काही ठिकाणी जेमतेम दोन-चार माणसांची रुंदी आणि खाली मोठमोठे धोंडे. वाटेत पाण्याचे डोह लागतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला पाणी कमरेपर्यंत किंवा त्याहून वर असू शकतं, आणि ते बर्फासारखं गार असतं. गावातला वाटाड्या घ्या. दर माणशी नको, गटाचा ठरवा; हजाराच्या आसपास. वाट चुकण्याचा प्रश्न नाही, पण कोणता धोंडा हलतो ते त्यालाच माहीत.

दुसरा प्रकार: पूर्ण दरी, दोर लावून कडे उतरत थेट खाली कोकणाच्या बाजूला. मुंबई-पुण्याचे गट माणशी दीड ते साडेतीन हजार घेऊन हे करतात. दोर, हेल्मेट, प्रशिक्षक त्यांचे. पण दरी संपते शहापूर तालुक्यात आणि तुमची गाडी उभी असते वर साम्रदला. परत यायचं तर करोली घाटाची दमछाक करणारी चढण, नाहीतर खालून भाड्याची जीप, दूरचा वळसा आणि तेवढेच पैसे. गाडीने आलेल्यांनी पहिलाच प्रकार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि लहान मुलांसोबत आलेल्यांनी तोंडापाशीच थांबावं. तेवढी दरीसुद्धा पुरेशी दिसते.

सकाळी आठपर्यंत साम्रद गाठा. पकड असलेले बूट, कोरडे कपडे, फोनसाठी प्लास्टिकची पिशवी. जेवण जाण्याआधी गावातच सांगून ठेवा: पिठलं, भाकरी, ठेचा, माणशी दीडशे ते अडीचशे. पैसे रोख द्यावे लागतील असं धरून चला. शेंडीतून निघतानाच तीन-चार हजार सुटे-बंदे जवळ ठेवा. वीस आणि पन्नासच्या नोटा हव्यात. साम्रदला तंबूत राहायचं असेल तर रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून माणशी हजार-बाराशेपासून पुढे. त्यात लाकडांची शेकोटी, दुसरी पांघरूणं आणि स्वच्छतागृह धरलेलं आहे का, ते विचारा. डिसेंबरात एका पांघरुणावर झोप लागत नाही, आणि दुसऱ्याचे पैसे रात्री अकराला मागितले जातात.

परतताना जलाशयाच्या त्याच वळशावर रतनवाडी लागते. अमृतेश्वराचं प्राचीन देऊळ रस्त्यालगत आहे. शुल्क नाही. अर्धा तास द्या.

लोणार

भंडारदऱ्याहून सकाळी सातला निघालात तर दुपारी दोन-तीनपर्यंत लोणार. मेहकरहून पंचवीस किलोमीटरच्या आत. इथे मुक्कामाच्या जागा थोड्या आहेत: विवराच्या काठाजवळ एमटीडीसी, गावात काही लॉज आणि हॉटेलं. आधी बुकिंग करूनच निघा. जागा नसेल तर मेहकरला राहा, पण मग पहाटेचा काठ हातचा जातो. खोली दीड ते तीन हजार.

पोचलात त्या संध्याकाळी फक्त काठावरून बघा, उतरू नका. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, एका नजरेत मावतो. सूर्य कलताना आकार सगळ्यात स्पष्ट दिसतो. गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याच संध्याकाळी उरका. सकाळी उजाडताच खाली जा. अभयारण्य आहे, बिबट्यांचा वावर आहे. उतरण्याच्या वेळा आणि कोणती वाट खुली आहे, हे आदल्या दिवशी वनखात्याच्या चौकीत विचारा. पाण्याची पातळी वाढलेली असेल तर काठची वाट आणि काही देवळांचा भाग पाण्यात असतो. अशा वेळी पूर्ण फेरीचे पैसे वाटाड्याला आधी देऊ नका. खाली उतरून, थोडं फिरून वर यायला अडीच-तीन तास धरा. पाणी माणशी दोन लिटर. खाली काही विकत मिळत नाही.

तळं गुलाबी नसतं. जून २०२० मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झालं, फोटो जगभर गेले, आणि आजही कुणीतरी ते फोटो दाखवून सहली विकतो. एरवी पाणी हिरवट दिसतं आणि वासही येतो. पाणी खारं आणि अल्कधर्मी आहे, अंगाला लावायच्या भानगडीत पडू नका. ‘उल्केचा तुकडा’ म्हणून कुणी दगड पुढे केला तर तो घेऊ नका, आणि स्वतःही काही उचलू नका. ड्रोन घरी ठेवा.

दहापर्यंत वर या, अंघोळ करून बारापर्यंत खोली सोडा. जालन्याच्या वाटेवर सिंदखेडराजा आहे, जिजाऊंचं जन्मस्थान, तासभर पुरतो. संध्याकाळी संभाजीनगर. इथून अजिंठा जोडायची टूम निघेल. अजिंठा शंभर किलोमीटर उलट दिशेला आहे, म्हणजे पूर्ण एक दिवस आणि एक रात्र वाढते. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. जोडायचंच असेल तर वेरूळ जोडा, शहरापासून तीस किलोमीटर, तिकीट भारतीयांना ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना नाही.

निघोज आणि परतीची वाट

संभाजीनगरहून सकाळी सहाला निघा. अहिल्यानगर, पारनेर, निघोज: साडेतीन-चार तास. कुकडी नदीने इथल्या काळ्या दगडात शेकडो रांजणखळगे कोरलेत. नदीच्या अलीकडे अहिल्यानगर जिल्हा, पलीकडे पुणे जिल्ह्यातलं टाकळी हाजी. मधे झुलता पूल आहे. वेगळं तिकीट नाही, फार तर पार्किंगचे वीस-पन्नास. दीड तास पुरे.

पैशाचा खर्च नाही म्हणून इथे लोक निष्काळजी होतात. खळग्यांच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या असतात, आतलं पाणी किती खोल ते दिसत नाही आणि पडलेल्या माणसाला बाहेर यायला धरायला काही नसतं. मुलांचा हात सोडू नका, सेल्फीसाठी कडेवर जाऊ नका. नदीत पाणी सोडलेलं असेल तर खळगे दिसतच नाहीत. वरच्या धरणांतून आवर्तन सुरू आहे का, हे पारनेरात चहा पिताना कुणालाही विचारा, शेतकऱ्याला तारखेसकट माहीत असतं. चैत्रात मळगंगेच्या यात्रेच्या दिवसांत गाडी गावात शिरणारही नाही.

इथून मुंबईकरांनी पुण्याला जाऊ नये. पुणे-नगर रस्त्यावर वाघोलीच्या कोंडीत तासभर जाईल आणि वर द्रुतगती मार्गाचे ३२० रुपये. त्यापेक्षा अळकुटीवरून बेल्हे गाठा. बेल्ह्याजवळ आणे घाटाच्या बाजूला गुळुंचवाडी आहे. तिथे ओढ्यावर निसर्गाने तयार केलेला दगडी पूल आहे, त्याच्या खालून चालत जाता येतं. शुल्क नाही, गर्दी नाही. सहलीच्या जाहिरातींत याचं नाव नसतं, पण अर्ध्या तासासाठी वाट वाकडी करण्याजोगा आहे. पुढे आळेफाटा, माळशेज, कल्याण. माळशेज उजेडी उतरा; म्हणजे आळेफाटा साडेतीनच्या आत सोडा.

बिलं

खोलीवरचा जीएसटी नीट बघा. साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. त्याआधी १२ होता, आणि काही ठिकाणच्या बिलांत अजून १२ दिसू शकतो. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर कर द्यायचा प्रश्नच नाही. जेवणाच्या बिलातला ‘सर्व्हिस चार्ज’ ऐच्छिक आहे. नको म्हणा, काढून देतात. नाही काढला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. बऱ्याचदा फोन लावतो म्हटल्यावरच काम होतं. एमआरपी छापलेल्या पाण्याच्या बाटलीवर ‘थंड करण्याचे’ पाच रुपये देऊ नका.

खोली रद्द करायची वेळ आली तर किती दिवस आधीपर्यंत पैसे परत मिळतात, ते बुक करतानाच वाचा. ‘नॉन-रिफंडेबल’ खोली दोन-तीनशे स्वस्त असते. लोणारसाठी ती घेऊ नका, वाटेत एक टायर पंक्चर झाला तरी वेळापत्रक कोलमडतं.

एकत्र हिशेब, चौघांचा: पेट्रोल ८,७५०. टोल १,५००. दोन खोल्या चार रात्री, सरासरी अडीच हजारांनी २०,०००. जेवण, नाश्ता, चहा माणशी रोज ७०० प्रमाणे १४,०००. वाटाडे, वनशुल्क, पार्किंग ३,५००. झाले ४७,७५०. वर दहा टक्के हाताशी. दोघंच असाल तर एकूण बत्तीस-तेहेतीस हजार, म्हणजे माणशी सोळा हजारांच्या पुढे. गाडीचा खर्च दोघांवरच पडतो. पाचवा माणूस घेतला तर माणशी खर्च फारसा उतरत नाही, तिसरी खोली नाहीतर जादा गादी लागते, आणि गादीचे पाचशे ते हजार वेगळे. चार हाच या सहलीचा सोयीचा आकडा.

पुण्याहून निघणाऱ्यांनी आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूरमार्गे भंडारदरा गाठावं. या नाशिक रस्त्यावर चाळकवाडी आणि हिवरगाव पावसा हे नाके लागतात. वार्षिक पास असेल तर इथे उपयोगी पडेल. परतताना निघोजहून टाकळी हाजी, शिरूर, पुणे. वाघोली दुपारी दोनच्या आत किंवा रात्री नऊनंतर ओलांडा. मुंबईच्या तुलनेत शंभर-सव्वाशे किलोमीटर वाचतील.

आणि कास. साताऱ्याहून पंचवीस किलोमीटर, सप्टेंबरात, मधल्या वारी, एक रात्र. प्रवेश ऑनलाइन आधी घ्यावा लागतो, दिवसाची संख्या ठरलेली आहे आणि वेळेचे गटही. शनिवार-रविवारचे गट आधी भरतात. शुल्क माणशी शंभर-दीडशेच्या घरात. त्या वर्षीचा आकडा बुकिंगच्या पानावरच बघा. साताऱ्यातले एजंट ‘पाससकट’ म्हणून जे पाचशे-सहाशे मागतात, त्यातला पास शंभर-दीडशेचाच असतो. सकाळचा पहिला गट घ्या, ऊन चढलं की धुकं जातं आणि बसची रांग लांबते. गाडी पठारावर नेता येत नाही, ठरलेल्या वाहनतळावर लावून बसने जावं लागतं. परतीच्या बसची वेळ उतरतानाच विचारून ठेवा.